हैदराबादच्या एका भूकंपमापकावरून १०० किलोमीटर खाली कसं पाहायचं

एकाच भूकंपमापकाच्या नोंदींवरून त्याच्या खालच्या प्रावरणातल्या सीमा काढता येतात. त्याला लागणारं सगळं आज फुकट मिळतं: नोंदी, सॉफ्टवेअर, वेगाची प्रमाणित सारणी. साधा लॅपटॉप पुरतो. अवघड आहे ते पुढचं. आलेखावरचा चढउतार खरोखर खोलवरच्या सीमेचा आहे, की भूकवचातच वरखाली फेऱ्या मारून उशिरा पोचलेल्या लहरीचा, हे ओळखावं लागतं आणि नवीन माणूस नेमका तिथेच फसतो. म्हणून या लेखात आज्ञा टाइप करण्यापेक्षा पडताळणीला जास्त जागा दिली आहे.

उदाहरणाला हैदराबादचं केंद्र घेऊ. फ्रान्सच्या जिओस्कोप जाळ्यातलं हे केंद्र, सांकेतिक नाव एचवायबी. ते धारवाड क्रेटॉनवर, म्हणजे अब्जावधी वर्षं जुन्या, घट्ट खडकाच्या भूभागावर आहे. इथलं भूकवच साधं आणि सुमारे ३३ किलोमीटर जाड आहे, वर गाळाचा जाड थर नाही. शिकायला इतकी स्वच्छ जागा सहज मिळत नाही.

काय शोधायचं

वरून खाली येताना पहिली मोठी सीमा मोहोची. आंद्रिया मोहोरोविचिच यांनी १९०९ च्या क्रोएशियातल्या भूकंपाच्या नोंदींवरून ती काढली. तिच्याखाली प्रावरण सुरू होतं आणि लहरींचा वेग एकदम वाढतो. त्याखाली ६० ते ९० किलोमीटरच्या पट्ट्यात काही ठिकाणी वेग पुन्हा थोडा वाढतो. ही हेल्स सीमा, आणि बरेच जण तिचा संबंध स्पिनेल या खनिजाचं गार्नेट होण्याशी लावतात. मग शिलावरण, म्हणजे भूकवच आणि त्याखालचं कडक प्रावरण, संपून दुर्बलावरण, म्हणजे त्याखालचा मऊ थर, सुरू होतो तिथे वेग कमी होतो. जुन्या क्रेटॉनखाली गुंतागुंत अशी, की शिलावरणाच्या पोटातही, ७० ते १०० किलोमीटरच्या आसपास, वेग कमी करणारी आणखी एक सीमा सापडते. या दोन 'उतारां'मधला कुठला खरा तळ, हा वाद अजून चालू आहे.

लक्षात ठेवायची खूण एवढीच: खाली जाताना वेग वाढला तर आलेखावरचं शिखर धन, वेग घटला तर ऋण.

दोन लहरी, दोन घड्याळं

दूरच्या भूकंपाची पी लहर (दाबाची, सर्वात आधी पोचणारी) खालून सीमेवर आदळली की तिचा छोटा भाग एस लहरीत (आडव्या हेलकाव्याच्या) बदलतो. एस लहर हळू चालते, त्यामुळे हा भाग मूळ पी नंतर पोचतो. किती सेकंदांनी पोचला यावरून सीमेची खोली निघते. याला पी रिसीव्हर फंक्शन म्हणतात. उलट, एस लहरीचा भाग पी मध्ये बदलला तर तो वेगानं पुढे सटकतो आणि मूळ एसच्या आधी पोचतो. हे एस रिसीव्हर फंक्शन.

या 'आधी' आणि 'नंतर' वर सगळं काम अवलंबून आहे, म्हणून गणित एकदा हातानं करा. मंदता म्हणजे लहरीला एक किलोमीटर आडवं अंतर कापायला लागणारा वेळ. प्रत्येक थरासाठी एकचा भागाकार एस वेगाच्या वर्गानं, त्यातून मंदतेचा वर्ग वजा, त्याचं वर्गमूळ. तसंच पी वेगाचं. दोन वर्गमुळांच्या फरकाला थराच्या जाडीनं गुणा. भूकवच ३३ किलोमीटर, पी ६.४५ आणि एस ३.७३ किलोमीटर प्रतिसेकंद, मंदता ०.०६ सेकंद प्रतिकिलोमीटर धरली तर मोहोचं शिखर पी नंतर ३.९ सेकंदांनी येतं. खालच्या प्रावरणात पी ८.१ आणि एस ४.५ धरले तर १०० किलोमीटरवरच्या सीमेचं शिखर ११ सेकंदांवर.

आता मल्टिपल. मोहोवरून वर आलेली लहर जमिनीच्या पृष्ठभागावर आपटून खाली जाते, मोहोवरून परावर्तित होते आणि पुन्हा वर येते. वरच्याच आकड्यांनी पहिला मल्टिपल १३.३ सेकंदांवर येतो, धन. दुसरा १७.२ सेकंदांवर, ऋण. हे दोन्ही सरळ सीमेचे समजून खोलीत बदलले तर अनुक्रमे १२२ आणि १५९ किलोमीटर निघतात. म्हणजे पी रिसीव्हर फंक्शनमध्ये १६० किलोमीटरवर दिसणारा ऋण उतार, जो शिलावरणाचा तळ म्हणून अगदी शोभून दिसेल, तो मोहोचाच प्रतिध्वनी असू शकतो. एसच्या बाबतीत हे सगळे मल्टिपल मूळ एसच्या नंतर येतात आणि आपण पाहतो एसच्या आधीचा भाग. तो त्यांच्यापासून मोकळा असतो. याच कारणानं शिलावरणाच्या तळासाठी एस लहर लागते आणि मोहोसाठी पी.

भूकंप निवडणं

पी साठी ३० ते ९५ अंश अंतरावरचे (पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजलेलं अंतर), ५.५ किंवा जास्त तीव्रतेचे भूकंप घ्या. एस साठी ५५ ते ८५ अंश आणि तीव्रता ५.८ च्या वर. ५५ पेक्षा जवळचा भूकंप का चालत नाही? एसची मंदता तिथे इतकी जास्त असते की प्रावरणात बदललेली पी लहर वर येऊच शकत नाही, ती आडवीच सरकते. आणि ८३ अंशांच्या पुढे बाह्य गाभ्यातून आलेली एसकेएस लहर एसला गाठून पुढे जाते, दोघींची भेसळ होते. पहिल्या प्रयत्नात ६० ते ७५ अंश एवढंच ठेवलं तर डोकेदुखी बरीच वाचते. ३०० किलोमीटरपेक्षा खोल भूकंप एस साठी टाळा. पृष्ठभागावरून अनेकदा उसळून आलेल्या पी लहरी नेमक्या एसच्या आधीच्या खिडकीत घुसतात आणि हुबेहूब सीमेसारख्या दिसतात.

हैदराबादहून होन्शूचा पूर्व किनारा साधारण ५९ अंशांवर, बांदा समुद्र ५६ वर, पापुआ न्यू गिनी ७४ वर. फिजी-टोंगा १०० अंशांपलीकडे, म्हणून एस साठी बाद. सुमात्रा फार जवळ. म्हणजे उपयोगी एस लहरी बहुतेक ईशान्य आणि पूर्वेकडूनच येतात.

याचा परिणाम नकाशावर काढून पाहाच. बदललेली पी लहर तिरपी येते. होन्शूच्या भूकंपाची लहर १०० किलोमीटर खोलीवर ज्या ठिकाणी बदलते ते ठिकाण केंद्रापासून सुमारे २०० किलोमीटर ईशान्येला, भूपालपल्लीच्या पलीकडे गोदावरीच्या खोऱ्याकडे पडतं. पापुआच्या भूकंपासाठी ते १२० किलोमीटर पूर्वेला, सूर्यापेटच्या आसपास. दोन्ही नोंदी एकाच यंत्राच्या, पण त्या सांगतात वेगवेगळ्या जमिनीबद्दल. गोदावरीचं खोरं ही खचलेली दरी आहे, तिच्याखालचं भूकवच हैदराबादसारखं असेलच असं नाही. पी साठी हेच अंतर अवघं २६ किलोमीटर भरतं. 'हैदराबादखाली तळ अमुक खोलीवर' असं लिहिण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा.

नोंदींची झाडाझडती

पायथनमधली ऑब्स्पाय ही लायब्ररी आणि तिच्यावर उभी असलेली आरएफ लायब्ररी बसवा. भूकंपांची यादी आणि तीन घटकांच्या ब्रॉडबँड नोंदी थेट डेटा केंद्राच्या सेवेतून उतरवता येतात. अपेक्षित आगमनवेळ आयएएसपी९१ या वेगाच्या प्रमाणित सारणीवरून ऑब्स्पायमधलं टॉपी काढून देतं. पी साठी आगमनाच्या ५० सेकंद आधीपासून १५० सेकंद नंतरपर्यंतची नोंद घ्या, एस साठी १२० आधी आणि १०० नंतर. खिडकी आखूड घेतली की पुढे कडांवर टेपर लावताना, म्हणजे टोकं हळूहळू शून्यावर आणताना, कामाचा भागच कापला जातो.

मग सरासरी आणि कल वजा करा, दोन्ही टोकांना ५ टक्के टेपर लावा, १० हर्ट्झवर आणा. तिन्ही घटकांचं यंत्र सारखं असेल तर यंत्राचा प्रतिसाद भागाकारात आपोआप कटतो. पण तिघांचं गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, खरंच सारखं आहे का, हे केंद्राच्या माहितीफाइलमध्ये तारखेनिशी पाहा. यंत्रं बदलतात, जुनी माहिती तशीच राहते.

दिशेची चाचणी चुकवू नका. पी लहरीच्या पहिल्या धक्क्यात उभा घटक वर गेला तर त्रिज्य घटक (भूकंप ते केंद्र या रेषेतला) भूकंपापासून दूर, म्हणजे त्याच चिन्हाचा, जायला हवा. वीसेक मोठ्या भूकंपांत हे तपासा. सगळीकडे उलटं येत असेल तर एका घटकाची तार किंवा चिन्ह उलटं आहे. आडव्या घटकावर (त्रिज्याला काटकोनात असलेल्या) पी ची ऊर्जा सातत्यानं दिसत असेल तर यंत्राची उत्तर दिशा काही अंशांनी चुकलेली आहे, ती कोनात दुरुस्त करा.

फिल्टर पी साठी ०.०३ ते ०.५ हर्ट्झ, एस साठी ०.०३ ते ०.२५. पावसाळ्यात अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर खवळलेले असतात. लाटांमुळे जमिनीत उठणारा गोंगाट ४ ते ८ सेकंदांच्या आवर्तकाळात सर्वात मोठा असतो, म्हणजे नेमका एसच्या पट्ट्यात. जून ते सप्टेंबरच्या नोंदी जास्त गाळल्या जातील, त्यात आश्चर्य मानू नका आणि संख्या वाढावी म्हणून निकष सैलही करू नका.

वळवणं: एसचं मर्म इथे आहे

उभा, उत्तर, पूर्व हे घटक आधी उभा, त्रिज्य, आडवा यांत वळवा. पी साठी इतक्यावरही भागतं. एस साठी भागत नाही. एस लहर तिरपी येते, त्यामुळे तिची बरीच ऊर्जा उभ्या घटकावरही पडते आणि तिच्या पायाशी असलेली बदललेली पी लहर, जी मूळ एसच्या काही टक्के एवढीच असते, तिच्यात बुडून जाते. म्हणून आणखी एकदा, किरणाच्या दिशेनं वळवायचं: एल घटक किरणाच्या रेषेत, त्यावर पी. क्यू घटक त्याला काटकोनात, त्यावर एस.

कोन सारणीतून घेऊन मोकळं होऊ नका, नोंदीतूनच शोधा. ० ते ७० अंश, २-२ अंशांनी फिरवत जा आणि एसच्या आगमनाभोवतीच्या ३-३ सेकंदांत एल वरची ऊर्जा सर्वात कमी कुठे होते ते पाहा. एकदा स्क्रीनवर हे हळूहळू करून बघावं असं आहे: १० अंशांवर एल वर एसचा मोठा फुगवटा असतो, १६ ला तो बसायला लागतो, २२ च्या आसपास जवळजवळ सपाट होतो आणि ३० ला उलट्या चिन्हानं पुन्हा वर येतो. सपाट झालेल्या क्षणी त्याच्या ४-५ सेकंद आधी एक लहानसा उंचवटा उरलेला दिसतो. तो मोहो. हैदराबादसारख्या कठीण खडकावर हा कोन साधारण २० ते २६ अंशांत यायला हवा. ४५ वगैरे आला तर नोंद बाद करा, तिथे एसऐवजी दुसरंच काहीतरी पकडलं गेलं आहे.

डीकन्व्होल्यूशन

भूकंपाचा स्वतःचा धक्का लांब आणि वेडावाकडा असतो. तो काढून टाकायला पी साठी एलनं क्यूला भागायचं, एस साठी क्यूनं एलला. वारंवारितेच्या क्षेत्रात भागलं तर वॉटर लेव्हल, म्हणजे भाजकाला घातलेली किमान मर्यादा, लागते, नाहीतर शून्याजवळच्या संख्येनं भागून आलेख फुटतो. ०.०१ पासून सुरू करून गरजेप्रमाणे ०.०५ पर्यंत वाढवा. लिगोरिया आणि अॅमन यांची १९९९ ची काळक्षेत्रातली पुनरावृत्तीची पद्धत नवख्यांना जास्त सोयीची, कारण ती एकेक शिखर ठेवत जाते आणि मूळ नोंदीचा किती भाग जुळला तो टक्क्यांत सांगते. आलेख गुळगुळीत करणाऱ्या गॉसियन फिल्टरचा आकडा भूकवचासाठी २.५, प्रावरणासाठी १ पुरे. एस साठी भाजक म्हणून क्यूची आगमनाच्या १० सेकंद आधीपासून ५० सेकंद नंतरपर्यंतची खिडकी घ्या.

झालं की क्यूला क्यूनंच भागून पाहा. शून्यावर एक टोकदार शिखर आणि बाकी सपाट असं आलं पाहिजे. बाजूला लाटा उठत असतील तर वॉटर लेव्हल किंवा खिडकी चुकली आहे.

एसचा आलेख काळात उलटा करा आणि चिन्हही उलटा, म्हणजे तो पी च्या शेजारी ठेवून वाचता येतो. काही सॉफ्टवेअर हे स्वतःच करतात, काही फक्त अर्धं करतात. खात्रीचा मार्ग एकच: मोहो सुमारे ४ सेकंदांवर धन दिसला पाहिजे. ऋण दिसला तर पुढचं सगळं विवेचन उलटं होईल.

बेरीज

एकटा आलेख काही सिद्ध करत नाही. प्रत्येक भूकंपाची मंदता वेगळी, म्हणून आधी सगळ्यांना ६.४ सेकंद प्रतिअंश या ठरलेल्या मंदतेवर आणा आणि मग बेरीज करा. सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर २ पेक्षा कमी असलेल्या नोंदी आधीच काढा. एस साठी दिशावार गट करा आणि प्रत्येक गटात २०-३० चांगल्या नोंदी तरी असू द्या. मग बूटस्ट्रॅप: नोंदी यादृच्छिक निवडून बेरीज २०० वेळा करा आणि दोन प्रमाण विचलनांचा पट्टा आखा. शून्याची रेषा ज्या शिखराच्या पट्ट्यात येते ते शिखर नाहीच असं समजा.

पी ची बेरीज बरोबर आहे का, हे तपासायला निसर्गानं एक छान खूण दिली आहे. प्रावरणातल्या ४१० किलोमीटरवरच्या सीमेचं शिखर सुमारे ४४ सेकंदांवर आणि ६६० चं ६८ वर यायला हवं. दोन्हींतलं अंतर २४ सेकंदांच्या आसपास. ते दिसत नसतील तर १०० किलोमीटरबद्दल बोलायची घाई करू नका.

खोटी सीमा कशी ओळखायची

मल्टिपलबद्दल वर आलंच. पी मध्ये त्यांची आणखी एक खूण असते: मंदता वाढली की मोहोचं शिखर थोडं उशिरा येतं, मल्टिपल मात्र लवकर येतात. आलेख मंदतेच्या क्रमानं लावले की दोघांच्या रेषा उलट दिशांना कललेल्या दिसतात.

एस मधला धोका वेगळा आणि जास्त फसवा. फिल्टरमुळे प्रत्येक मोठ्या धन शिखराच्या दोन्ही बाजूंना ऋण खळगे पडतात. मोहोचं शिखर ३.९ सेकंदांवर, मग खळगा ७ ते ९ सेकंदांवर. खोलीत हे सुमारे ६० ते ८० किलोमीटर होतात, म्हणजे शिलावरणाच्या पोटातली सीमा जिथे अपेक्षित असते नेमकी तीच जागा. तपासायला फिल्टरची खालची कड ०.०३ वरून ०.०२ आणि मग ०.०५ करा, वरची ०.२५ वरून ०.१५. खळगा फिल्टरबरोबर सरकला तर तो फिल्टरचाच. खरी सीमा जागेवर राहते, फार तर रुंद होते.

शेवटची आणि सर्वात मोलाची चाचणी कृत्रिम नोंदींची. फक्त मोहो असलेली, खाली काहीही नसलेली प्रतिकृती घ्या, तिच्यापासून कृत्रिम लहरी तयार करा, तुमच्याच केंद्राच्या खऱ्या गोंगाटात मिसळा आणि त्याच सगळ्या पायऱ्यांतून काढा. १०० किलोमीटरवर ऋण उतार तिथेही उगवला, तर तो जमिनीत नाही, तुमच्या प्रक्रियेत आहे.

आकड्याचा अर्थ लावताना

२००७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानं एस रिसीव्हर फंक्शनवरून भारतीय शिलावरण सुमारे १०० किलोमीटर जाड असल्याचं मांडलं, तर गोंडवना या प्राचीन महाखंडाच्या इतर तुकड्यांचं १८० ते ३०० किलोमीटर. भारत उत्तरेकडे इतक्या वेगानं का सरकला, याचं उत्तर त्यांनी या पातळपणात पाहिलं. दुसरीकडे अनंतपूर जिल्ह्यातल्या वज्रकरूरच्या किंबर्लाइटमध्ये, म्हणजे प्रावरणातून वर आलेल्या ज्वालामुखी खडकात, हिरे मिळतात. हिरा टिकायला साधारण १५० किलोमीटरची खोली आणि तरीही बेताचं तापमान लागतं, म्हणजे किंबर्लाइट वर आले तेव्हा, सुमारे १.१ अब्ज वर्षांपूर्वी, इथल्या शिलावरणाचं मूळ खोल आणि थंड होतं. ते नंतर झिजलं, की १०० किलोमीटरवरची ऋण सीमा तळाची नसून पोटातली आहे? रिसीव्हर फंक्शन एकटं याचा निकाल देऊ शकत नाही. त्याला फक्त वेगातला झटपट बदल दिसतो. ५०-६० किलोमीटरच्या जाडीत हळूहळू होणारा बदल, जसा निव्वळ तापमानानं होतो, त्याच्या नजरेतून निसटतो. अशा वेळी पृष्ठलहरींवरून काढलेला एस वेग सोबत ठेवावाच लागतो.

विभेदनक्षमतेचंही, म्हणजे जवळच्या दोन सीमा वेगळ्या दिसण्याच्या मर्यादेचंही, भान हवं. ८ सेकंद आवर्तकाळाच्या पी लहरीची लांबी प्रावरणात ६५ किलोमीटर होते. हैदराबादखाली पी लहरींवरून ९० किलोमीटरच्या आसपास धन हेल्स सीमाही नोंदली गेली आहे. ९० वर चढ आणि १०० वर उतार असेल तर एस लहर त्या दोन्हींना वेगळं करू शकत नाही, ती त्यांची बेरीज दाखवते आणि दोघं एकमेकांना खातात. म्हणून दोन्ही आलेख एका पानावर, एकाच काळमापावर छापून वाचा.

वेगाची निवडही खोली हलवते. प्रावरणात ८.१ आणि ४.५ ऐवजी क्रेटॉनला साजेसे ८.२ आणि ४.७ घेतले, तर तेच ११ सेकंद १०० ऐवजी १०५ किलोमीटरच्या थोडे पलीकडे जातात. म्हणून निकाल लिहिताना सेकंद आधी द्या, खोली नंतर, आणि कुठले वेग वापरले ते त्याच ओळीत.

हीच पद्धत दख्खनच्या बेसॉल्टवरच्या केंद्राला लावायची असेल तर एक पायरी वाढते. बेसॉल्टची जाडी किल्लारीला ३४० मीटरच्या आत आहे, कोयनेला ९०० मीटरच्या वर. जिथे बेसॉल्टखाली मऊ गाळाचे थर अडकलेले आहेत तिथे लहर त्यांच्यातच घुमत राहते, पी चं शून्यावरचं शिखर रुंद होतं किंवा अर्ध्या सेकंदानं पुढे सरकतं आणि एल-क्यूचा कोन हैदराबादपेक्षा वेगळा येतो. अशा केंद्रावर कोन शोधण्याचं काम प्रत्येक भूकंपासाठी वेगळं करा. हैदराबादचा आकडा तिथे वापरू नका.